पिंपापुढचा युक्तिवाद

मी माझ्या बायकोची उलटतपासणी घेतली. कोर्टात नाही, घरात. आणि एकदा नाही, पार उन्हाळाभर. आरोप असा होता, की तिनं माझी एक खाजगी गोष्ट वरच्या मजल्यावरच्या माणसाला सांगितली. आरोप खोटा होता. पण आरोप करणारा मी, प्रश्न विचारणारा मी आणि निकाल देणाराही मीच असल्यामुळे तिची सुटका व्हायला फार वेळ लागला. आज हे लिहिताना मला सफाई द्यायची नाही. वकिलीत आयुष्य गेलेल्या माणसाला सफाई न देता लिहिता येतं का, हेही मला नक्की ठाऊक नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा आम्ही गिरगावातलं बिऱ्हाड आवरून मीरा रोडला राहायला आलो. लग्न नवं होतं. पूर्वेला इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या मागे मिठागरं पांढरी पसरलेली होती. वन रूम किचन, पहिला मजला, लिफ्ट नाही. नळाला पाणी येईल याचा भरवसा नसल्यामुळे प्रत्येकाच्या बाथरूममध्ये प्लास्टिकचं एक मोठं पिंप असायचं. आमचं निळं होतं. टँकर आला की ते काठोकाठ भरायचं, वर झाकण ठेवायचं आणि झाकणावर पाणी घ्यायचा मग पालथा घालायचा.

ते पिंप म्हणजे माझे न्यायाधीश.

मी ठाण्याच्या कोर्टात वकिली करायचो. घोडबंदरच्या रस्त्यानं एस.टी.तून जायचो आणि तसाच परत यायचो. सनद मिळाली होती, काळा कोट होता, पण उभं राहून बोलायची मला भीती वाटायची. कायदा पाठ असे, कागद तयार असत, आणि न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं की घसा बंद होई. हे मी माझ्या सीनियरांनाही कळू दिलं नव्हतं. घरी सराव करावा, तर दिवसभर दार सताड उघडं ठेवायची आमच्या बिल्डिंगची पद्धत. कुणीही चप्पल काढून आत येई. एकांत म्हणावा अशी जागा एकच. म्हणून रोज सकाळी आंघोळीआधी मी बाथरूमची कडी लावायचो, खांद्यावर टॉवेल टाकायचो आणि पिंपापुढे उभा राहायचो. "साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे..." पालथा मग म्हणजे साहेबांचं डोकं. बादली म्हणजे समोरचा वकील. बादलीला मी फार टाकून बोलत असे.

हे फक्त बायकोला माहीत होतं. निदान माझी तशी समजूत होती. तिनं त्यावरून कधी चेष्टा केली नाही. मी बाहेर आलो की चहा पुढे करायची आणि विचारायची, "आज कुणाची तारीख?" बस, एवढंच.

एकदा उत्तनकडच्या चौक गावातली एक कोळीण माझ्याकडे आली. घरापुढच्या ज्या जागेत ती बोंबील वाळवायची, तिथं दिरानं कुंपण घातलं होतं. केस साधी होती. पिंपापुढे मी ती कितीदा तरी जिंकलो. कोर्टात मात्र उभा राहिलो, "साहेब" म्हणालो आणि पुढचं काही बाहेर येईना. मनाईहुकमाचा अर्ज फेटाळला गेला. बाहेर व्हरांड्यात ती ओरडली नाही की रडली नाही. पदर खोचत म्हणाली, "वकील, तुमी उबे व्हते, पन बोलले न्हाय."

त्या संध्याकाळी मी घरी आलो, कोटासकट बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि कोर्टात राहून गेलेला सगळा युक्तिवाद पिंपापुढे केला. एक शब्द अडला नाही. मग रडू आलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडला, तर नळाला पाणी नव्हतं.

आमच्या बरोबर डोक्यावर मराठवाड्यातून आलेलं एक बौद्ध कुटुंब राहत होतं. नवरा सरकारी कचेरीत नोकरीला, माझ्याहून थोडा मोठा, कमी बोलणारा. त्याला सगळे भाऊ म्हणत. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, आत शिरताच नजरेला पडेल असा, कोट घातलेल्या बॅरिस्टरांचा फोटो होता आणि त्याला रोज ताजा हार असे. भाऊ कचेरीतून आले की लिहीत बसतात, हे मला बायकोकडून कळलं होतं. ती अधूनमधून वर जायची. भाऊंच्या बायकोला ती वहिनी म्हणे. वाटीतून काहीतरी वर जायचं, आणि वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून काहीतरी खाली यायचं.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला सोसायटीनं टेरेसवर कार्यक्रम ठेवला. झेंडा, हाऊजी, मुलींचा नाच झाला. मग आमचे सेक्रेटरी काका उठले. तिसऱ्या मजल्यावरचे गुजराती गृहस्थ, रिटायर्ड. माईक फुंकून म्हणाले, "अरे भाई, अपने बिल्डिंगमध्ये रायटर पण आहे, कुणाला मालूम आहे का? भाऊ नॉवेल लिखते हैं. आज थोडा ऐकू या."

भाऊ लाजत पुढे आले. कादंबरी एका तरुण बॅरिस्टरची होती, इंग्रजांच्या काळातली. विलायतेहून शिकून आलेला, हुशार, आणि कोर्टात उभा राहिला की वाचा बसणारा. त्यांनी वाचलेल्या प्रकरणात तो एका विधवेचा दावा हरतो, घरी येतो, न्हाणीघराची कडी लावतो आणि तांब्याच्या घंगाळाला "मायलॉर्ड" म्हणून हाक मारून, कोर्टात करायचा राहिलेला युक्तिवाद पहिल्यापासून करतो.

मी खुर्चीत ताठ झालो.

लोक हसले. हसतानाच दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं. काकांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. तळमजल्यावर दुकान असलेला आणि काकांच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहणारा किराणावाला तर सरळ माझ्याकडे बघून मान हलवत होता. माझी बायकोही हसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती थांबली. ते थांबणं मी पुरावा म्हणून मनात नोंदवून ठेवलं.

त्यानंतर मला सगळीकडे पुरावेच दिसायला लागले. जिन्यात भाऊंची बायको आणि माझी बायको बोलत असत, मी वळणावर आलो की गप्प होत. किराणावाला सकाळी शटर वर करता करता म्हणे, "वकीलसाब, आज जीत के आना." आधीही म्हणत असेल, पण आता मला त्यात खोच ऐकू यायची. वाटी वर गेली की ती किती वेळानं खाली येते, याकडे माझा कान. वहिनी दुपारी झोपतात, मग ही दुपारी वर कशाला जाते? भाऊंना कचेरीची सुट्टी कोणत्या दिवशी असते? असले प्रश्न एस.टी.त बसल्या बसल्या मी तयार करू लागलो. साक्षीदाराला पेचात धरायचे प्रश्न. ते मला चांगले जमत होते. बोलायची भीती होती ती कोर्टात. घरात नव्हती.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी इतकी वर्षं स्वतःलाही धड सांगितली नाही. वकिलाच्या मनातलं इतकं बारीक, इतकं खरं, हा माणूस आपलं आपण लिहू शकेल यावर माझा विश्वासच बसला नाही. मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेला, कचेरीत नोकरी करणारा, त्या वस्तीतला. त्याला कुणीतरी सांगितलं असणार. हे ‘असणार’ कुठून आलं, ते मला माहीत आहे. माझ्या आजोळातून, आळीतून, माझ्या तोंडच्या सभ्य भाषेच्या खालून ते आलं. त्यांच्या घरात बॅरिस्टर या शब्दाला काय वजन आहे, हे तो हार बघून कळायला हवं होतं. मी फक्त चोरी शोधत होतो.

पहिली उलटतपासणी मी टीव्हीचा आवाज वाढवून, खिडक्या लावून घेतली.

"तू वर किती वेळा जातेस?"

"मोजलं नाही हो. का?"

"म्हणजे बऱ्याच वेळा. बरोबर?"

"वहिनींकडे जाते. परवा त्यांना अळूची पानं..."

"पानांचं विचारलं नाही मी. जातेस की नाही?"

"जाते."

"भाऊ घरी असताना?"

तिनं हातातली परात खाली ठेवली. "तुम्हाला काय विचारायचंय ते सरळ विचारा ना."

"पिंपाचं त्यांना कुणी सांगितलं?"

"मी नाही सांगितलं."

"मग कुणी? पिंप गेलं का जिना चढून सांगायला?"

"गेलं असेल," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा त्याच्याशीच तुम्ही जास्त बोलता."

मला ते उत्तर उर्मट वाटलं. साक्षीदार उर्मट झाला की तो काहीतरी लपवतोय, असं माझे सीनियर सांगायचे. मी पुढच्या खेपेला वेगळ्या बाजूनं सुरुवात केली. तेच प्रश्न, क्रम बदलून. परवा हे म्हणालीस, आज ते म्हणतेस, यातलं खरं कुठलं? ती आधी चिडायची, मग समजावून सांगायची, मग नुसती बघत राहायची. एकदा म्हणाली, "मी खरं सांगितलं तर तुमचं काम संपेल, त्याची तुम्हाला भीती वाटते का?" मी तेही उत्तर टाळण्याची युक्ती म्हणून बाजूला टाकलं.

आणि मग मी ते केलं, जे वकीलच करू जाणे. वर जाऊन दोन शब्द बोलण्याऐवजी मी भाऊंना नोटीस पाठवली. लेटरहेडवर, रजिस्टर पोस्टानं. अशील मीच आणि वकीलही मीच. सदर लिखाणामुळे माझी बदनामी झाली आहे, ते मागे घ्यावं, नाहीतर दावा दाखल करू. पोस्टमन वर जाता जाता आमच्या दारात थांबला. पाकिटावरचे दोन्ही पत्ते त्यानं वाचले होते. म्हणाला, "वकीलसाहेब, जिन्याच्या बारा पायऱ्या चढायच्या, तर तुम्ही टपालखात्याला फिरवलंत?"

संध्याकाळी भाऊ स्वतःच खाली आले. पाकीट हातात. आत बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"याचं उत्तर लेखी द्यावं लागेल का?"

"तुम्हाला हे कुणी सांगितलं, तेवढं सांगा," मी म्हणालो.

"वकीलसाहेब, खरं सांगायचं तर..." त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे गेली. ते थांबले. "जाऊ द्या. चूक माझी आहे. सगळ्यांसमोर वाचायला नको होतं. हसण्यावारी न्यावं म्हणून लिहिलं नव्हतं हो. त्याला भीती वाटते आणि तरी तो रोज उभा राहतो, एवढंच मला लिहायचं होतं. आता नाही लिहीत."

ते गेले. मी त्यांचं बोलणं ऐकलंच नव्हतं, फक्त नजर कुणाकडे गेली ते पाहिलं होतं. दार लावून मी बायकोकडे वळलो. "तुझ्याकडे पाहून का थांबला तो?"

त्या दिवसापासून तिनं वर जाणं बंद केलं. वाटी फडताळात पालथी पडली. तिचं बोलणंही बदललं. साक्षीदाराला आम्ही बजावतो, विचारलं तेवढंच सांगायचं, जास्तीचा शब्द नाही. ती तसंच करू लागली. जेवलीस का? हो. आईचं पत्र आलं का? नाही. मला वाटलं, दडपण येतंय, आता लवकरच कबूल करेल.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी काकांनी मला वर बोलावलं. आमच्या बाथरूमच्या वर भाऊंचं बाथरूम, त्याच्या वर काकांचं. "वकीलसाब, बाथरूममध्ये लीकेज आहे, जरा पाहून घ्या. बिल्डरला लेटर लिहावा लागेल." मी म्हणालो, प्लंबरला बोलवा, मी काय पाहणार? "ना ना, तुम्हीच पाहा. आत जा. जरा शांतीसे उभे राहा, मग समजेल."

मी आत जाऊन उभा राहिलो. भिंत कोरडी होती. काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी डक्टमध्ये उघडत होती. डक्ट म्हणजे सगळ्या मजल्यांच्या बाथरूममागची, पाइपांची ती अरुंद, उभी पोकळी. तिच्यातून कपडे आपटल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि बोलणं ऐकू आलं. शेजारी उभं राहून कुणी बोलावं, इतकं स्पष्ट.

"नाही. मी सांगितलं नाही. हो, वर गेले होते. रवा द्यायला. नाही, भाऊ घरी नव्हते..." मग पुन्हा, हळू, पहिल्यापासून. "रवा द्यायला गेले होते. आधी मी पोहे म्हणाले असेन, पण तो रवाच होता. पोहे म्हणाले त्याचं काय सांगू?... नाही. मी सांगितलं नाही."

माझी बायको होती. रविवारी ती कपडे धुवायला बसायची. आणि संध्याकाळी मी काय विचारीन, त्याची उत्तरं ती पाठ करत होती. माझ्याच पिंपापुढे.

काका दाराशी आले. माझ्याकडे न बघता त्यांनी टॉवेलची दोरी नीट केली. "आवाज वर चढतो ना," ते म्हणाले. "खाली नाही येत एवढा, म्हणून तुम्हाला मालूम नाही. पहिल्यापासून येतो. सगळ्यांना येतो. आमची ही तर सकाळी देवाला सांगायची, आज वकीलला जिंकव म्हणून. त्या मच्छीवाल्या बाईच्या दिवशी आम्ही जेवलो नाही बराबर. कुणी बोललं नाही तुम्हाला. कसं बोलणार? पण ही पोरगी रोज असं करते, ते नाही ऐकवत."

लीकेज कुठं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही. पत्रही काही लिहावं लागलं नाही.

म्हणजे टेरेसवरचं ते हसणं, किराणावाल्याचं "जीत के आना", जिन्यातलं गप्प होणं, सगळं माझ्याच आवाजानं केलं होतं. आणि भाऊ दारात थांबले, ते यासाठी, की माझं रडणं आमच्या वरच्या सगळ्या मजल्यांनी ऐकलं आहे, हे त्यांना माझ्या बायकोसमोर मला सांगवेना.

मी खाली आलो. ती पिळे घेऊन बाहेर येत होती. मी तिच्या हातातली बादली घेतली आणि दोरीवर कपडे वाळत घालू लागलो. ती संशयानं पाहत राहिली. ही कुठली नवी तऱ्हा, असं तिला वाटलं असणार. पाहण्याची ती रीत मीच तिला शिकवली होती.

"तो विषय संपला," मी म्हणालो. "पुन्हा विचारणार नाही."

"म्हणजे मी सुटले?"

"हो."

"का? पुरावा मिळाला नाही म्हणून?"

इथं बोलायला हवं होतं. डक्टचं सांगायला हवं होतं, चुकलो म्हणायला हवं होतं. मी चिमटा तोंडात धरून शर्ट झटकला. पुन्हा उभा राहिलो आणि बोललो नाही.

मग वर्षं गेली. डक्टचं तिला काकींकडून कळलं असावं, कारण ती बाथरूममध्ये एक शब्दही बोलेनाशी झाली. मीही पिंपापुढे उभं राहणं सोडलं. कोर्टात हळूहळू बोलू लागलो. भीती गेली नाही, सवय झाली. आम्ही भांडलो नाही. संसार चालू होता. फक्त विचारलं तेवढंच उत्तर, ही तिची पद्धत राहून गेली. शेजारी तिला हसताना पाहत असतील. माझ्यासमोर ती बेतानं बोले, जणू कुणी लिहून घेतंय. भाऊ जिन्यात भेटले की "काय वकीलसाहेब" म्हणत. पण संध्याकाळी त्यांच्या खिडकीत लिहिणाऱ्या माणसाची बाक आलेली पाठ दिसायची, ती पुन्हा दिसली नाही. एकदा धीर करून मी विचारलं, "बॅरिस्टरांचं कुठवर आलं?" ते हसले. "घंगाळापुढेच उभे आहेत अजून."

नव्वदचं दशक संपता संपता भाऊंची गावाकडे बदली झाली. त्यांनी वरची जागा विकली. सामान बांधलेलं होतं, दुपारी टेम्पो येणार होता. सकाळी जाग आली, तीच हे मनात घेऊन, की आज हे लोक गेले की ऐकणारे जातील. मी बायकोवर आरोप केला तो खिडक्या लावून. पण त्याची झळ तिनं सोसली ती या डक्टमध्ये, सगळ्यांच्या कानांवर. तिला बंद खोलीत चुकलो म्हणून चालणार नव्हतं. ते तिथंच म्हणायला हवं होतं, जिथं सगळ्यांना ऐकू जाईल.

ती स्वयंपाकघरात भाऊंच्या प्रवासासाठी दशम्या करत होती. ते तिचं तिनं ठरवलेलं, मला विचारलं नव्हतं. मी बाथरूममध्ये गेलो. कडी लावली नाही, दार उघडंच ठेवलं. काचेच्या पट्ट्या पूर्ण उघडल्या. वर कुणाचा तरी नळ चालू होता. मी पिंपाकडे पाठ केली, म्हणजे स्वयंपाकघराचं दार समोर आलं. मी नुसताच उभा राहिलो. तिनं लाटणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब नाही," मी मोठ्यानं म्हणालो. "साहेब कुणी नाही. मी वकील बोलतोय, पहिल्या मजल्यावरून."

वरचा नळ बंद झाला.

"माझ्या बायकोनं माझं कधीच, कुणालाही, काहीही सांगितलं नव्हतं. जे गेलं ते माझ्या तोंडून गेलं. मी तिच्यावर संशय घेतला. ती खरं बोलत होती, तरी मी विचारत राहिलो. भाऊ, तुम्हाला नोटीस पाठवली, ती मी मागे घेतो. तुमच्यासारखा माणूस असं लिहूच शकणार नाही असं मला वाटलं, ते त्या नोटिशीपेक्षाही वाईट होतं. तुमच्या बॅरिस्टरांना बोलू द्या." मग आवाज उतरला, पण तिच्याकडे बघून म्हणालो, "तू त्या दिवशी विचारलंस, पुरावा मिळाला नाही म्हणून का. नाही. तू काही केलंच नव्हतंस म्हणून. तेव्हाच सांगायचं होतं मला. चुकलो मी. मला माफ कर."